प्रत्येकी ३०६ रुपये

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या पेठेतल्या देवळाच्या ओट्यावर आम्ही सव्वीस जणी बसलो होतो. माझ्या मांडीवर पासबुकं होती. बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा ४,९२,०६९ आली. पाच लाखाला ७,९३१ कमी. शिवणकामवाल्या वहिनींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "प्रत्येकी तीनशे पाच काढूया." मी कॅल्क्युलेटरवर पाहिलं तर त्यात बरोबर एक रुपया कमी पडत होता. तो कुणीही दिला असता. पण गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "एकीनंच का म्हणून? समद्या जणी तीनशे सा घाला." म्हणून प्रत्येकी ३०६. त्या दिवशी परगावच्या मुलींच्या मेससाठीची आमची कायम ठेव, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायची ठेव, ५,००,०२५ रुपयांची झाली. तिला पंधरा वर्षं लागली होती.

मी कराडची. सत्तावीस वर्षं पोस्टाची महिला प्रधान एजंट आहे. पेठेत मला नावानं फार थोडे ओळखतात, 'आरडीवाल्या काकू' म्हटलं की पोरंही घर दाखवतात. आरडी म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं. पिशवीत कार्डं, पावतीबुक आणि रबरबँड लावलेल्या नोटा घेऊन मी महिन्यातले दहा-बारा दिवस दारोदार फिरते. पंधरा तारखेच्या आत भरायची खाती आधी, महिनाअखेरची नंतर. शंभर-दोनशेचे हप्ते भरून कुणी पोरीच्या लग्नात दोन तोळे केले, कुणी पत्र्याचं घर स्लॅबचं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे थोडं थोडं साठतं का, ही शंका माझ्या मनात कधीच नव्हती. प्रश्न एवढाच होता, की जे आपल्यापैकी कुणाचंच नाही, त्यासाठी बायका दर महिन्याला पदराची गाठ सोडतील का.

हे सुरू कसं झालं ते सांगते. २००८ मध्ये आमच्या बोळात पाटण तालुक्यातल्या एका वाडीची मुलगी खोली घेऊन राहायची. बारावी झालेली, पुढच्या कोर्सला प्रवेश मिळालेला. फी शिष्यवृत्तीत भागली होती. पण मेसचे महिन्याला सातशे रुपये घरून येत नव्हते. सोमवारी ती गावाकडनं भाकरीचं गाठोडं घेऊन यायची. बुधवारपर्यंत भाकरी वाळून कडक व्हायची. मग ती पाण्याचा हबका मारून, चटणीबरोबर खायची. गुरुवारनंतर काय खायची ते मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दिवाळीनंतर ती परत आलीच नाही. खोलीवाल्या बाईंनी सांगितलं, शिक्षण सोडलं.

बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. आता कितीतरी कोर्सेसची फीसुद्धा सरकार मुलींसाठी भरतं. हे फार मोठं काम झालंय. पण दोन वेळचं ताट अजूनही ज्याचं त्यालाच बघावं लागतं, आणि मुली तिथेच अडतात.

आमची तेव्हा भिशी होती. अकरा जणी, दोनशे रुपये महिना. अकरा महिन्यांत सगळ्यांचे नंबर लागले की भिशी मोडायची आणि नवी सुरू व्हायची. २००९ मध्ये मी म्हटलं, वर्षाचे महिने बारा आहेत, बारावी चिठ्ठी कुणाच्याच नावाची नको, ती मेसच्या ताटाची. कुणाला वेगळे पैसे काढल्यासारखं वाटलं नाही, कारण हप्ता तोच होता. वर्षाला २,२०० रुपये बाजूला पडू लागले.

माझं माहेर काल्याच्या बाजूचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली ते काले. आमची आजी जात्यावर बसण्याआधी एक मूठ ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची. "बोर्डिंगातल्या पोरांची मूठ," म्हणायची. घरात आठ खाणारी तोंडं होती, तरी ती मूठ चुकली नाही. तेव्हा या मुष्टिफंडाला फंड म्हणतात हेही तिला माहीत नसावं. तशीच गोष्ट पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत गाव न् गाव पालथं घातलं आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे मोठ्या देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लागतात, लागू देत. पण मूठ आणि पैसा ही आपली जुनी रीत आहे. आम्ही नवीन काहीच केलं नाही.

आता एक चूक सांगते, कारण ती माझी होती. मी पोस्टाची एजंट असूनही ती भिशीची बारावी चिठ्ठी एका पतसंस्थेत ठेवली. दोन टक्के व्याज जास्त मिळत होतं आणि संस्था घराजवळ होती. २०१३ च्या पावसाळ्यात तिचं शटर अर्ध्यावर आलं, मग पूर्ण. पाच वर्षांचे ११,००० रुपये आणि वरचं व्याज गेलं ते गेलंच, आजपर्यंत पैसा हाती आला नाही. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विम्याचं संरक्षण असतं. तेव्हा ते एक लाखापर्यंत होतं, २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे मला ठाऊक होतं. दोन टक्क्यांपुढे मी ते मनाआड केलं. मी घरोघरी जाऊन अकरा जणींना सांगितलं आणि म्हटलं, मी भरून देते. एकीनंही घेतले नाहीत. गिरणीवाल्या मावशींनी तर दळण मापता मापता मान वर न करता विचारलं, "मग पुढचा हप्ता कवा?"

पुढचा हप्ता एप्रिल २०१४ ला, आणि पोस्टात. भिशी वेगळी केली. ठेवीसाठी पाच वर्षांची आरडी उघडली, अकरा जणींचे प्रत्येकी शंभर, महिन्याला ११००. खातं तिघींच्या नावावर, आणि पैसे काढायला तिघींचीही सही लागेल असं. पोस्टात संयुक्त खातं दोन प्रकारचं असतं. एकात कुणाही एकीची सही चालते, दुसऱ्यात सगळ्यांची लागते. घरच्या खात्याला पहिला प्रकार सोयीचा, चारचौघींच्या पैशाला दुसराच हवा. मी स्वतः त्या तिघींत नव्हते. गोळा करणाऱ्या हातानं सही करू नये, एवढं शहाणपण शटरनं शिकवलं होतं.

आरडीचं एक आहे. हप्ता ठरला की ठरला. ११०० चं खातं असेल तर १००० भरून चालत नाही. अकरा जणींतली एक चुकली तर अख्खा हप्ता अडतो आणि शंभरामागे रुपया दंड बसतो. आणि बायकांच्या घरात एखादा महिना तंग असतोच. त्यावर मी एक उपाय काढला. आरडीवर आम्हा एजंटांना चार टक्के कमिशन मिळतं, ११०० वर ४४ रुपये. या खात्याचं कमिशन घरात न्यायचं नाही असं ठरवलं आणि ते बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकू लागले. जिला जमलं नाही, तिचे शंभर डब्यातून. कुणाचे भरले ते फक्त मला माहीत. पुढे जमेल तेव्हा ती डब्यात टाकायची, नाही जमलं तर राहिलं. पाच वर्षांत डब्यातून चौदा वेळा भरले. त्यातले बारा वेळचे परत आले.

एप्रिल २०१९ मध्ये ती आरडी पिकली. ६६,००० भरले होते, ८२,११८ हातात आले. तेव्हाचा दर ८.४ टक्के होता, आता तो स्वप्नवत वाटतो. ८२,००० त्याच तिघींच्या नावे पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले, ७.८ टक्क्यांनी. वर्षाला ६,५८५ रुपये व्याज पडू लागलं, त्याला हात लावला नाही. ११८ रुपये बचत खात्यावर राहिले. बचत खात्याचं जे किरकोळ व्याज आलं, ते फॉर्म आणि झेरॉक्सला गेलं. दुसऱ्या आरडीला आम्ही सव्वीस जणी झालो होतो. दोनशे प्रत्येकी, ५,२०० महिना. डब्यात आता २०८ रुपये पडत होते, म्हणजे महिन्याला एक जण निश्चिंतपणे चुकू शकत होती.

लॉकडाऊनमध्ये वाटलं होतं, संपलं. एप्रिल-मे २०२० ला मी घराबाहेर पडू शकत नव्हते. पोस्टानं त्या महिन्यांचा दंड माफ केला, तो आधार झाला. जूनमध्ये तोंडाला पदर बांधून निघाले, तर नऊ घरांत नोकरी किंवा धंदा बंद होता. मी हप्त्याचं नाव काढलं नाही, नुसती विचारपूस करत होते. सव्वीसपैकी एकोणीस जणींनी आपण होऊन पैसे काढून ठेवले होते, एकीनं तर दर महिन्याचे वेगळ्या कागदात गुंडाळून. उरलेल्या सात जणींचे डब्यातून आणि थोडे माझ्याकडून गेले.

खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. दुसऱ्या लाटेत आमच्यातल्याच एकीचा नवरा गेला. थोरली मुलगी कॉलेजला. सगळ्यांच्या मनात एकच आलं, ठेव मोडू. मोडता आली असती, मुदतीआधी काढायची सोय होती, व्याज थोडं कमी मिळालं असतं एवढंच. ओट्यावर बसलो. मी नको म्हणाले. माझ्याकडे ज्या नजरांनी पाहिलं गेलं त्या मी विसरलेले नाही. शिवणकामवाल्या वहिनी म्हणाल्या, "काकू, माणसापेक्षा पासबुक मोठं झालं का?" मी म्हटलं, मोठं नाही, पण हे पासबुक आज इथं नसलेल्या मुलींचं आहे. आज आपल्या ओळखीचं दुःख आहे म्हणून मोडलं, तर उद्याही ओळखीचंच कुणीतरी असेल, आणि पाटणच्या वाडीवरच्या मुलीचा नंबर कधीच लागणार नाही. ते बोलताना माझा आवाज कापत होता. रात्री झोप लागली नाही. पण आम्ही तीन दिवसांत त्या घरासाठी वेगळे चौदा हजार जमवले. तातडीची मदत आणि कायम ठेव यांचे डबे वेगळे असले पाहिजेत, हे मला तेव्हा पक्कं समजलं. पुढे त्याच वहिनी ठेवीच्या सर्वात कडक राखणदार झाल्या.

२०२२ मध्ये सह्या करणाऱ्या तिघींपैकी एक वारली. खात्यावर दोघींचं नाव राहिलं. तेव्हा पोटात गोळा आला. कायद्यानं ते पैसे ज्यांच्या नावावर त्यांचेच. उद्या या दोघीही गेल्या तर वारस येतील, आणि आले तर त्यांचं काही चुकणार नाही. पासबुकावर 'मुलींच्या मेससाठी' असं कुठे लिहिलेलं असतं? जी ठेव आपल्या माघारी चालावी असं वाटतं, ती माणसाच्या नावावर ठेवून चालणार नाही.

स्वतःचा ट्रस्ट नोंदवावा का, याची चौकशी केली. विश्वस्त नेमायचे, दर वर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. पाच लाखाच्या ठेवीचं अर्धं व्याज त्यातच गेलं असतं. म्हणून मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या आमच्या भागातल्या एका जुन्या, नोंदणीकृत शिक्षण संस्थेकडे ठेव सोपवायची असं ठरलं. अशा वेळी देणाऱ्यानं लेखी द्यावं लागतं, की ही रक्कम कायम निधीत जमा करावी. ते पत्र नसेल तर संस्था ती चालू खर्चाच्या देणगीत धरू शकते, आणि वर्षभरात ती मीठ-मिरचीत संपते. कुणी अशी ठेव देणार असेल तर हे एक पत्र विसरू नका. पावतीवरही 'कायम निधी' असं लिहून घ्या.

अटी लिहायला बसलो तेव्हा मला माझ्या शाळेचा सभागृहातला लाकडी फलक आठवला. पांढऱ्या अक्षरांत नावं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये ५०१, १९६४. दहावीत मराठीत पहिली आले म्हणून त्याच ठेवीच्या व्याजाचे २५ रुपये मला मिळाले होते. वर्षभराच्या सगळ्या वह्या त्यात आल्या. आज त्याच ५०१ वर सात टक्के धरले तरी ३५ रुपये होतात. एक जाड वहीसुद्धा येत नाही. कुणी अफरातफर केली नाही, कुणी मुद्दल मोडलं नाही. सगळं व्याज इमानदारीनं दरवर्षी वाटलं गेलं, आणि तेवढ्यानंच ठेव आतून पोकळ झाली. तो फलक आठवला की त्या देणाऱ्या घरासाठी जीव तुटतो.

म्हणून आमची मुख्य अट ही, की व्याजाचे तीन भाग करायचे, दोन मुलीच्या ताटाला आणि एक परत ठेवीत. बाकी अटी सरळ आहेत. मुद्दलाला हात नाही. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेतच. मुलगी निवडताना आमच्या दोघी हजर. वर्षाचा हिशेब एका कागदावर, मराठीत, ओट्यावर वाचता येईल असा. संस्थेच्या सचिवांनी तिसऱ्या भागाच्या अटीवर थोडा विचार केला, मग म्हणाले, "अशी अट घालणारे देणगीदार फार कमी भेटतात." त्यांनी ती तशीच मान्य केली.

जून २०२४ मध्ये ठेव सात टक्क्यांनी तीन वर्षांसाठी लागली. पहिली मुलगी नर्सिंगची, पाटणकडचीच. महिना २,३०० रुपये, दहा महिने. मी तिला एकदाच भेटले, तेही निवडीच्या वेळी. पुन्हा मुद्दाम भेटायला गेले नाही. जेवताना कुणी उपकाराच्या नजरेनं बघत नाही, ही खात्री तिला असायला हवी.

आणि हप्ते थांबले का? थांबवायचे नाहीत, हे मात्र एकमतानं ठरलं. तिसरी आरडी त्याच एप्रिलमध्ये सुरू झाली. एकतीस जणी, तीनशे प्रत्येकी, ९,३०० महिना. दर आता ६.७ आहे, २०२९ ला ६,६३,७०० च्या आसपास हातात येतील आणि ते ठेवीत मिळवू. वारलेल्या बाईंच्या जागी त्यांची सून भरते, पण यादीत नाव सासूचंच ठेवा म्हणाली. तसंच ठेवलंय.

या जूनमध्ये संस्थेचा पहिला कागद आला. ओट्यावर बसून मी वाचला. व्याज ३५,००१. मेस २३,०००. ठेवीत परत १२,००१. शिल्लक ठेव ५,१२,०२६. मग दुसरी बातमी सांगितली, की मेस यंदा २,५०० झाली आहे. वर्षाला २,००० रुपयांची वाढ. आणि त्या नव्या १२,००१ वर साडेसहा टक्क्यांनी आम्हाला वाढीव मिळणार ७८०. तिसरा भाग काढून ठेवला की यंदा मुलीच्या ताटाला १,१४६ रुपये कमी पडतात. तिसरा भाग यंदापुरता थोडा कमी करूया का, असं कुणीतरी हळूच म्हणालं. वहिनींनी नुसतं "नाही" म्हटलं. ते १,१४६ डब्यातून जातील. डब्यात आता महिन्याला ३७२ पडतात.

गिरणीवाल्या मावशींना आता दिसत कमी आलंय. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, ५,१२,०२६ वर बोट ठेवून मला विचारलं, "ह्यो आकडा मुद्दलाचा न्हवं?"

"हो."

"गेल्या सालापेक्षा जास्त हाय?"

"बारा हजारांनी."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली आणि कमरेचा बटवा सोडून शंभराच्या तीन नोटा काढल्या. तेरा तारीख होती. यादीत त्यांच्यापुढे खूण केली. अजून चार घरं राहिली होती, पंधराच्या आत ती करायची होती.